निजलेला आकडा

मैमू, तुझ्या लेकीचं आणि माझं झाडूवरून बिनसलंय.

हे लिहितोय तेव्हा झाडू माझ्या खाटेखाली आहे आणि मी खाटेवर. सत्तरीकडे झुकलेला माणूस झाडू दडवून बसलाय, ही बातमी एव्हाना दिघीच्या जेट्टीवर गेली असेल आणि तिथून बोटीत बसून पलीकडे आगरदांड्यालाही. जाऊ दे. माझ्या मूर्खपणाच्या बातम्यांना या खाडीवर कधी तिकीट लागलेलं नाही.

"अब्बा, लोक बसायला येतात. घरात पाय ठेववत नाय," नसीम म्हणते.

"त्यांना म्हणावं, चपला घालून बसा."

"मयतीला नसतो तो नियम. हवं तर मौलवीसाहेबांना विचारा."

"मौलवीसाहेबांचा नियमच नाय तो. तुझ्या अम्मीचा हाय. तिला विचार."

यावर ती रडायला लागली. मग मीही लागलो. मग दोघांनी चहा घेतला. झाडू खाटेखालीच राहिला.

तुझा नियम म्हणजे घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की ते सुखरूप पोचल्याची खबर येईस्तोवर मागे घर झाडायचं नाही. झाडलं तर त्याची वाट पुसली जाते, असं तुझी आजी म्हणायची. मी दर दोन वर्षांनी रजा संपवून मस्कतला निघायचो. दंडावर तू प्रवासात राखण म्हणून इमाम जामीनची पट्टी बांधायचीस, मी लाँचमध्ये बसायचो आणि इकडे केरसुणी कोपऱ्यात उलटी उभी राहायची. मस्कतला उतरलो की याकूबभाईंच्या घरी फोन करायचा. त्या काळी आळीत फोन तेवढाच. याकूबभाई कुंपणावरून ओरडायचे, "भाबी, हसन पोचला!" की तू झाडायला घ्यायचीस.

एकदा मी फोन करायचा विसरलो. खोलीवरच्या पोरांनी बिर्याणी केली होती, ती खाल्ली, झोपलो, उठून कामावर गेलो, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दंडावरची पट्टी बघून आठवलं. तुला फोनवर बोलावून घेतलं. वाटलं, आता सोलून निघणार. तू धापा टाकत आलीस आणि एवढंच म्हणालीस, "पोचलात? बरं झालं. झाडते आता." आणि फोन ठेवलास. मी खोलीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं, बायको असावी तर अशी, एक शब्द बोलली नाही. त्यावर पुन्हा बिर्याणी झाली.

गावाला माझ्या नोकरीबद्दल एक गैरसमज होता आणि तो दूर करण्याइतका मी दुष्ट नव्हतो. मी इलेक्ट्रिकल सामानाच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. म्हणजे कुलूप माझं, चावी माझी, आत काय आहे ते दुसऱ्यांचं. तांबड्या वायरचं बंडल तांबड्याच्या खणात आणि काळ्याचं काळ्याच्या, एवढीच माझी विद्या. तांबडी आणि काळी एकमेकींना भेटल्या की काय होतं, हे बघायची वेळ माझ्यावर आयुष्यात आली नव्हती. पण रजेवर आलो की लोक बंद पडलेले पंखे घेऊन यायचे आणि मी ते कानाशी धरून "बेअरिंग" म्हणायचो.

म्हणून त्या मोठ्या वादळाने खांब आडवे केले, आठवड्यामागून आठवडे वीज आली नाही, आणि मग नसीमने हट्टाने घरावर सोलर बसवायचं ठरवलं, तेव्हा सगळी आळी म्हणाली, हसनभाय हाय ना, त्याची लाईनच ती. मी कायमचा घरी आलो होतो. रिकामा होतो. मीही म्हणालो, हो, आपली लाईनच ती.

बोर्ली पंचतनहून संदेश फिटर आला. त्याने कौलांवर पॅनल चढवली, जिन्याखाली बॅटरी आणि तो आकडे दाखवणारा डबा बसवला. पॅनलच्या वायरी अजून मोकळ्या होत्या. तेवढ्यात मी माझं मस्कतहून आणलेलं मीटर बाहेर काढलं, पाकिटासकट कोरं. त्याच्या दोन काड्या त्या दोन वायरींना लावल्या. एकवीस व्होल्ट! बाराची बॅटरी आणि एकवीसचा मारा! मी शिडीवरूनच आरोळी ठोकली, "घराबाहेर पडा! फुटणार!"

तू हातात पीठ तसंच घेऊन अंगणात आलीस. याकूबभाईंची सून लेकराला काखेत मारून आली. संदेश शांतपणे विडी विझवून म्हणाला, "चाचा, त्याला अजून बॅटरी जोडली नाय. मोकळं पॅनल असंच मोठं दाखवतं. काम दिलं की येतो खाली."

तू माझ्याकडे बघितलंस. "रिकामटेकड्याचा आकडा मोठाच असायचा," म्हणालीस, आणि पीठ मळायला आत गेलीस.

रमजानातलं तर तू जाईल तिथे सांगितलंस. दुपारच्या उन्हात डब्यावर चौदा पॉइंट दोन आलं. मी हिशेब केला. बॅटरी बाराची, आत चौदा, म्हणजे वरचे दोन फुकट. फुकटचं ठेवून काय करायचं? दोन पंखे लावले, टीव्ही लावला, तुझ्या हातात मिक्सर दिला आणि कुंपणावरून वायर टाकून याकूबभाईंचा मासळीचा फ्रीजही चालू करून दिला. शेजारधर्म. संध्याकाळी रोजा सोडायला माणसं बसली, खजूर हातात, अजान सुरू झाली आणि डब्याने एक केविलवाणी किंकाळी मारून सगळं घर काळोखात घातलं. कोणाचा हात कोणाच्या सरबतात. त्या अंधारातून याकूबभाईंचा आवाज आला, "हसनभाय, ते दोन फुकटचे खंयशी गेले?"

सगळ्यात मोठ्याने तू हसलीस. ते हसणं अजून त्या ओसरीवर आहे, मैमू. मी रोज तिथे जाऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी संदेशने दोघांना समोर बसवून समजावलं. मी मान डोलावत होतो, म्हणजे ऐकत नव्हतो. तू ऐकलंस आणि मग स्वतःच्या भाषेत लावून घेतलंस. तुझ्या मते बॅटरीचे तीन आकडे. ऊन पडलंय, पॅनल भरतंय, तेव्हाचा तो खाणारा आकडा. तेरा दाखवेल, चौदा दाखवेल, तो बॅटरीचा नव्हेच, वाढणाऱ्याचा. पंखा, मिक्सर चालू असताना दिसतो तो राबणारा आकडा. तो बसलेलाच असणार, त्याला बघून घाबरायचं नाही. आणि तिसरा निजलेला. पॅनल सोडवायचं, घराचा भारही काढायचा, बॅटरीला काही तास कोणी हात लावायचा नाही. मग बघायचं. साडेबाराच्या वर असली तर पोट भरलेलं. बाराच्या आसपास आली तर जपून. खाली गेली तर तिला छळू नका.

"डॉक्टर तरी जिना चढल्या चढल्या प्रेशर बघतो काय?" तू म्हणालीस. "आधी घटकाभर बस म्हणतो. भाताचं पण तसंच. चुलीवर असताना सगळाच भात उकळतो. उतरवून झाकण ठेवल्यावर कळतं, शिजला काय नाय."

रात्री सरकारी वीज असली की तू बॅटरी सुटी करून ठेवायचीस आणि फजरची नमाज झाली की, कौलांवर ऊन यायच्या आधी, जिन्याखाली वाकून बघायचीस. मी दुपारी ओरडायचो, "तेरा आठ! मस्त हाय!" तू आतून म्हणायचीस, "खाताना बगू नका कोणाचं. तिला निजू द्या, मग बगा."

इथेच आपला तो वाद सुरू झाला. मला तुझं पटलं होतं, पण पटलं म्हणून वाद सोडणारा मी नव्हे. मी म्हटलं, निजलेलं माणूस सगळंच शहाणं दिसतं. खरं बघायचं तर भार टाकून बघ. वजन दिल्यावर जो आकडा टिकतो तो खरा.

"वजन दिल्यावर वजन कळतं," तू म्हणालीस. "तिचं तिला सोडल्यावर ती कळते."

"मग मिक्सर निजलेल्या आकड्यावर चालव."

"आणि तुम्ही लाडू खाणाऱ्या आकड्यावर खावा."

हा वाद आपण जेवताना केला, बोटीत केला, नसीमकडे पनवेलला जाताना एसटीत केला. पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हणाला, "मावशी, कोण निजलंय?" वादाचा निकाल लागला नाही. लागावा असं दोघांनाही वाटत नव्हतं. चाळीस वर्षांत आपल्याला एवढं सलग बोलायला मिळालंच कुठे होतं?

एकदा डब्यावर आकडा कमी आणि मीटर थेट बॅटरीला लावलं तर जास्त, असा घोळ झाला. मी निदान केलं की वीज वाटेत गळते, आणि सगळ्या वायरीला टेप गुंडाळून तिला दवाखान्यातल्या पेशंटसारखी करून ठेवली. तू वाकून बघितलंस. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरं पीठ धरलं होतं. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तू ते धुतलंस, कोरडं केलंस, वायरी घट्ट आवळून घेतल्यास आणि कपाटातून व्हॅसलिनची बाटली आणून वर बोट फिरवलंस. दोन्ही आकडे जुळले. पण मी आकड्यांकडे बघत नव्हतो. ती बाटली मी कुठल्याशा रजेवर तुझ्या टाचांना भेगा पडतात म्हणून आणली होती. झाकण तू आत्ता पहिल्यांदा उघडत होतीस.

"हे लावलंस नाय कधी?"

"ठेवलं होतं. तुम्ही आणलेलं संपलं असतं ना."

मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही. बरा नसणार.

आणि एक दिवस, सकाळची वेळ, तू नारळ खवत होतीस. मी जिन्याखाली बसून मोठ्या तोऱ्यात तुझाच सिद्धान्त तुलाच समजावत होतो, की पॅनल लावलेलं असताना बघितलेला आकडा म्हणजे शुद्ध फसवणूक. तू मान वर न करता म्हणालीस, "तुम्ही रजेवर यायचात तेव्हा घर कसं असायचं?"

"कसं म्हणजे? एकदम फुल्ल! मटण, सोनेरी कागदातली चॉकलेटं, नसीमचे नवे कपडे, तू अत्तर लावून. मी खोलीवर जाऊन सांगायचो सगळ्यांना, माझं घर कसं भरलेलं हाय म्हणून."

"हां. तो खाणारा आकडा." खवणीवर नारळ फिरत राहिला. "तुम्ही गेल्यावर निजलेला किती होता, ते बगितलात कधी?"

मी म्हटलं, "फोनवर विचारायचो ना. तूच म्हणायचीस, सगळं बरं हाय."

"फोन म्हणजे पण चार्जरच ओ."

"बरं, मग आता सांग. किती होता?"

तू माझ्याकडे बघून हसलीस, नारळाचं पांढरं गालाला लागलेलं. "आता कसं सांगू? चार्जर समोर बसलाय ना."

त्यानंतर ते तू काढलं नाहीस. मी रोज ठरवायचो की आज विचारू. पण रोज तू समोर असायचीस, घर भरलेलं असायचं, आणि भरलेल्या घरात तो प्रश्न विचारायला जागाच व्हायची नाही. दवाखान्यातसुद्धा तेच. तुझ्या उशाला तो पडदा होता, हिरव्या रेघा, आकडे. माझी लाईनच ती! मी त्या आकड्यांना चिकटून बसलो. नर्सबाईंना म्हणायचो, छान आहे ना आकडा? तू डोळे उघडलेस, मला तिकडे बघताना बघितलंस आणि बोटाने खूण केलीस, जवळ या. मी वाकलो. तू म्हणालीस, "सलाईन लावलेलं असताना नका बगू." मी हसलो, तूही हसलीस, नर्सबाईंना काही कळलं नाही. आपला शेवटचा विनोद तो. तुझा होता, म्हणून चांगला होता.

तुला कबरस्तानात पोचवून आलो आणि मला कमाल वाटली, मैमू. मी बरा होतो. घर भरलेलं, चूल पेटवायची नाही, आळीतून जेवण येतंय, कोणी कुराण पढतंय, कोणी पाठीवर हात ठेवतंय. मी त्यांना रमजानातली गोष्टसुद्धा सांगितली. लोक म्हणाले, हसनभाय खंबीर हाय. मग गर्दी ओसरली. एका पहाटे नमाज झाल्यावर कौलांवर ऊन यायच्या आधी मी ओसरीवर एकटा बसलो आणि स्वतःला चाचपून बघितलं. तरी बराच होतो. कुठे दुखत नव्हतं. म्हटलं, मैमूच्या कायद्याने निजलेला आकडा चांगला आहे. साडेबाराच्या वर.

तेवढ्यात नसीमने आतून विचारलं, "अब्बा, चहात साखर किती?"

मला ठाऊक नव्हतं. चहा माझा, पीत आलो मी, आणि साखर किती ते ठाऊक नाही. चमचाभर साखरेचं वजन, मैमू, आणि मी ओसरीवर कोसळलो तसा आयुष्यात कोसळलो नव्हतो. पोर पातेलं तसंच टाकून धावत आली.

त्या दिवसापासून झाडू खाटेखाली आहे. मयतीच्या गर्दीत झाडायचं राहूनच गेलं होतं, म्हणून घरात तू निघालीस तेव्हाचा केर आहे. खवणीपाशी नारळाचा कीस सुकलाय. मोरीच्या उंबऱ्यावर तुझ्या सपातांनी आलेली वाळू आहे. कपाटाखाली एक केसांची पिन. मी जपून पाय टाकत चालतो, वाट मोडू नये म्हणून. लोक म्हणतात, म्हातारा बिथरला. पण असा बसलो तेव्हा मला समजलं, तू काय धरून बसायचीस ते. दर दोन वर्षांनी माझ्या चपलांची वाळू, माझ्या विडीची राख, अर्धवट खाल्लेल्या खजुराची बी, आणि कुंपणाकडे लागलेला कान. त्या एका वेळी मी बिर्याणी खात होतो आणि तू तीन दिवस माझ्या केरात बसली होतीस. तो होता निजलेला आकडा. विचारायची गरज नव्हती. घर न झाडता बसून बघायचं होतं फक्त.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी नसीमचं निघायचं ठरलं होतं. पोरांच्या शाळा, तिची नोकरी. मला बरोबर चला म्हणते, मी नाही म्हणतो. जायच्या आधी मला आठवडाभराचं वाटण करून ठेवते म्हणाली. वीज गेलेली. मी म्हटलं, बॅटरी आहे की, रात्रभर सुटी होती. वाकून बघितलं. बारा पॉइंट सहा. बघ, तुझ्या पद्धतीने बघितलं, ऊन यायच्या आधी, भार नसताना. मी ऐटीत म्हटलं, "चालव मिक्सर. पोट भरलंय तिचं."

नसीमने बटण दाबलं. आकडा बारावरून अकरावर, अकरावरून दहावर असा जिना उतरल्यासारखा उतरला, डब्याने किंकाळी मारली आणि सगळं बंद. मिक्सर थांबवला. पुन्हा वाकून बघितलं तर आकडा हळूहळू वर चढत परत साडेबाराकडे. जशी काही ती शहाणीच. पुन्हा मिक्सर, पुन्हा किंकाळी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बॅटरी म्हातारी झाली होती. निजलेली असताना पोटभर दिसते, पण आतून झिजली आहे, वाटीभर खोबऱ्याचं वजन पेलत नाही. म्हणजे तुझा आकडा एकटा पुरत नाही! भार टाकूनच बघावं लागतं! इतकी वर्षं मी नुसता तोंडाला येईल ते भांडत होतो, आणि मी बरोबर होतो!

मी जिन्याखालून उठलो आणि सगळा जोर लावून हाक मारली, "मैमू! जिंकलो गो मी! ये बग!"

घरात कुठेही असलीस तरी तू ओ द्यायचीस. मोरीत असलीस, परसात असलीस, नमाजात असलीस तर निदान घसा खाकरायचीस. मी थांबलो. नसीम हातात मिक्सरचं भांडं धरून दारात उभी होती. तीही थांबली. दोघांनी कान दिला. मागच्या माडावर कावळा होता. याकूबभाईंच्या परसात कोणीतरी बादली ठेवली.

तू ओ दिली नाहीस.

म्हणजे घरात नाहीस. म्हणजे वाटेतही नाहीस, वाटेत असतीस तर वाद घालायला मागे वळली असतीस. म्हणजे पोचलीस.

मी खाटेपाशी गेलो, वाकलो, झाडू बाहेर काढला आणि नसीमच्या हातात दिला. "अम्मी पोचली तुझी," म्हटलं. "झाड आता."

ती दाराकडून झाडत आली. खवणीपाशी आली तेव्हा मी तोंड फिरवलं आणि डब्याकडे बघत राहिलो. कौलांवर ऊन आलं होतं. आकडा चढत होता, तेरा, तेरा दोन. खाणारा. पुढचा मी नाही बघितला.